ओव्हन तापत नाही? पार्ट बदलायच्या आधी जोड बघा

आमच्या ओव्हनचा थर्मोस्टॅट मी एकदा फुकट बदललाय. झालं असं की ओव्हन मधेच तापायचा मधेच नाही, ज्याला विचारावं तो म्हणे थर्मोस्टॅट गेला असणार, मग मीही फार विचार न करता नवीन आणून बसवला आणि गंमत म्हणजे आठ दिवस ओव्हन मस्त चालला पण. नवव्या दिवशी परत थंड. तेव्हा कुठे मागचं कव्हर उघडून टॉर्च मारून नीट बघितलं तर खालच्या रॉडच्या टोकाला जी लग असते, म्हणजे वायरीच्या टोकाची ती चपटी क्लिप, ती काळीठिक्कर पडलेली आणि तिथल्या वायरीचं कव्हर बोट लावलं की पापुद्र्यासारखं गळून पडत होतं. थर्मोस्टॅट बदलताना माझ्याच हाताने ती वायर हलली, जरा घट्ट बसली, म्हणून आठ दिवस चाललं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. जुना थर्मोस्टॅट अजून ड्रॉवरमधे पडून आहे, एकदम चालू स्थितीत.

तर सांगायचं हे की ओव्हनमधे फार काही नसतं हो. तापणारा रॉड, किती तापलं ते बघून करंट तोडणारा थर्मोस्टॅट, वेळ मोजणारा टायमर, कुठला रॉड चालू ठेवायचा ते ठरवणारा सिलेक्टर, आणि हे सगळं जोडणाऱ्या वायरी. करंट प्लगमधून निघतो, एकेक करत या सगळ्यातून फिरतो आणि परत जातो. कुठेतरी वाट तुटली की ओव्हन थंड. त्यामुळे अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा प्लगपासून रॉडपर्यंत करंटच्या मागे मागे जायचं, वाट जिथे तुटली असेल तिथे सापडतेच.

त्याआधी दोन गोष्टी. पहिली, हे सगळं साध्या इलेक्ट्रिक ओव्हनचं चाललंय, ओटीजी म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा ओव्हन म्हणा नाहीतर भिंतीतला बिल्ट-इन म्हणा. मायक्रोवेव्हचं कव्हर घरी उघडायचं नाही म्हणजे नाही. त्यात हाय व्होल्टेज कपॅसिटर असतो, २००० व्होल्टच्या आसपासचा, आणि प्लग काढून ठेवला तरी त्यात चार्ज राहू शकतो. दुसरी गोष्ट, नॉब बंद केला म्हणजे करंट बंद झाला असं समजू नका. बऱ्याच ओव्हनमधे स्विच एकच वायर तोडतो, दुसरी तशीच जोडलेली राहते, आणि ती फेजची निघाली तर बंद ओव्हनचा रॉडसुद्धा झटका देईल. प्लग सरळ सॉकेटमधून उपसून समोर दिसेल असा ठेवायचा. बिल्ट-इनला प्लगच नसेल तर त्याची एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पाडायची, टेस्टरने खात्री करायची आणि घरातल्यांना सांगून ठेवायचं की कोणी वर करू नका. ओव्हन पूर्ण गार झालेला हवा हे वेगळं सांगत नाही.

सामान फार लागत नाही. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, बारीक पॉलिश पेपर आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. मीटरशिवाय यात पडूच नका, डोळ्याला चांगला दिसणारा रॉड आतून तुटलेला असू शकतो. आणि मोबाईल, कारण वायर काढायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढायचेत. मला लक्षात राहील असं सगळ्यांनाच वाटतं, राहत नाही.

कव्हर उघडायच्या आधी

निम्म्या वेळा कव्हर उघडायची गरजच पडत नाही, खरंच. ओटीजीचा टायमर शून्यावर असेल तर थर्मोस्टॅट कितीही फिरवा, रॉड पेटणार नाही, कारण करंट टायमरमधून पुढे जातो. टायमर थोडासाच फिरवला तर आतली स्प्रिंग नीट चावी घेत नाही, म्हणून आधी १० मिनिटांच्या पुढे न्यायचा आणि मग हवा तेवढा मागे आणायचा. काही टायमरला उलट्या बाजूला सतत चालू राहायची खूण असते ती पण बघा. बिल्ट-इन ओव्हनमधे लाईट जाऊन आली की घड्याळ लुकलुकत बसतं आणि घड्याळ लावल्याशिवाय बरेच ओव्हन तापायलाच तयार होत नाहीत. यासाठी दुरुस्तीवाल्याला बोलावून त्याने दोन बटणं दाबून बिल फाडलेलं मी स्वतः बघितलंय.

मग प्लग. २००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर खेचतो, म्हणजे त्याला जाड पिनांचा १६ अँपिअरचा सॉकेट हवा, लांबलचक एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवायचा नसतो. अर्धा तास ओव्हन चालवून बंद करा, प्लग काढा, आणि त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट ठीक आहे. चटका बसत असेल किंवा पिनेच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर सॉकेटची पकड सैल झालीय, सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर तो सैल सॉकेट नवीन प्लगपण खाईल.

आणि व्होल्टेज. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर वाटतं तेरा टक्केच कमी झालेत, पण उष्णता उरते जेमतेम ७५ टक्के. संध्याकाळी ओव्हन "कमजोर" आणि सकाळी बरा असं होत असेल तर ओव्हनला दोष देऊ नका.

रॉड

रॉडच्या आत निक्रोम तारेची गुंडाळी असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली, आणि वरून स्टीलची नळी. पावडर उष्णता बाहेर येऊ देते पण करंट अडवते, म्हणून नळीला करंट लागत नाही. रॉड गेला की कधीकधी दिसतो, एखाद्या जागी फोड आल्यासारखा फुगलेला किंवा चिरलेला. पण बहुतेक वेळा काहीच दिसत नाही.

मोजायचं असं. रॉडच्या निदान एका टोकाची वायर आधी काढायची. हे विसरलात तर मीटर दुसऱ्या रॉडमधून वाट काढून काहीतरी आकडा दाखवेल आणि तुम्ही खुश व्हाल. मग मीटर २०० ओहमवर ठेवून दोन्ही टोकांना लावायचं. आकडा किती यायला हवा तर व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर १००० वॅटचा रॉड ५३ ओहमच्या आसपास, २००० वॅटचा २६ च्या आसपास. थोडा इकडेतिकडे चालतो. मीटर काहीच दाखवत नसेल (शून्य नव्हे, स्क्रीनवर नुसतं १ किंवा OL) तर आतली तार तुटली, रॉड बदलायचा, त्याला दुरुस्ती नाही.

ओटीजीवाल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण यात भलेभले फसतात. बऱ्याच ओटीजीमधे वरचे दोन रॉड एकमेकांना सिरीजमधे जोडलेले असतात आणि खालचे दोन तसेच. म्हणजे दोनातला एक गेला की दोन्ही थंड. लोक म्हणतात दोन रॉड एकदम कसे जातील, नक्की सिलेक्टर गेला. नाही, गेला एकच, दुसरा बिचारा चांगला असून बसून आहे. दोन्ही वेगवेगळे मोजा. आणि नवीन आणताना जुना रॉड सोबत न्या, लांबी आणि वॅट दोन्ही जुळलं पाहिजे, कारण अशा जोडीतला प्रत्येक रॉड अर्ध्या व्होल्टेजसाठी केलेला असतो. त्या जागी पूर्ण व्होल्टेजचा रॉड बसवला तर बसेल, पण जोडी नीट तापणार नाही.

आता ते लगचं

माझ्या मते ओव्हनमधला सगळ्यात जास्त बिघडणारा पार्ट कुठला असेल तर तो पार्टच नाही, जोड आहे. गंमत बघा, १५०० वॅटचा ओव्हन साधारण साडेसहा अँपिअर घेतो. लग सैल होऊन तिथे फक्त १ ओहमचा अडथळा आला तर त्या नखाएवढ्या जागेत ४० वॅटच्या वर उष्णता तयार होते. सोल्डरिंगची साधी आयर्न २५ वॅटची असते! म्हणजे तुमच्या ओव्हनच्या पाठीत दीड सोल्डरिंग आयर्न सतत चालू आहे असं समजा. त्या उष्णतेने पितळ आणखी ढिलं पडतं, ढिलं पडलं की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी तापतं, असं करत करत एक दिवस वायर जळून सुटते.

कव्हर काढलं की म्हणून आधी रंग बघा. चांगली लग पिवळी किंवा चंदेरी असते. निळसर, जांभळट, काळी झालेली प्रत्येक लग संशयित. प्रत्येक लग हळूच धरून ओढून बघा, सहज निघून हातात आली तर तीच आजारी. लग काढायची ती पकडीने लगला धरून, वायर खेचायची नाही.

दुरुस्ती सोपी आहे पण अर्धवट करू नका. जळकी लग पक्कडीने दाबून परत बसवली तर महिनाभर चालेल फारतर. वायर मागे मागे कापत जायची, आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत, कारण काळं पडलेलं तांबं नवीन लगमधेही तापतंच. मग जास्त तापमानाला चालणारी नवीन लग चांगली दाबून बसवायची. सोल्डर करू नका, साधं सोल्डर १८३ ते १९० डिग्रीला वितळतं आणि रॉडच्या बुडाशी तेवढं तापायला वेळ लागत नाही. इन्शुलेशन टेप पण नको, ती चिकट होऊन घरंगळते. वायर आखूड पडली तर सिलिकॉनची किंवा फायबरग्लासची जाळी असलेली वायर आणायची. घरातल्या बोर्डाची उरलेली पीव्हीसी वायर साधारण ७० डिग्रीपर्यंतच टिकते, ओव्हनमधे ती मऊ होऊन पत्र्याला चिकटेल आणि मग शॉर्ट. रॉडची पट्टी पण पॉलिश पेपरने घासून चमकवायची, ती काळीच ठेवून नवीन लग लावली तर परत तेच.

थर्मोस्टॅट, कटआउट, सेन्सर

नॉबवाल्या बऱ्याच ओव्हनमधे थर्मोस्टॅटला एक बारीक तांब्यासारखी नळी असते आणि नळीच्या टोकाला पेन्सिलएवढा बल्ब, जो ओव्हनच्या आत अडकवलेला असतो. आतला द्रव तापला की फुगतो, पडदा ढकलतो, टिक आवाज होऊन कॉन्टॅक्ट उघडतो. लहान ओटीजीमधे नळीऐवजी बायमेटल पट्टी असते, काम तेच. गार ओव्हनमधे नॉब फिरवताना टिक आवाज आला की मीटरने दोन टर्मिनल मोजा, जवळपास शून्य यायला पाहिजे. दोनचार ओहम दाखवले तर कॉन्टॅक्ट जळालेत. फिरवूनही काहीच जुळत नसेल तर तो गेला.

उलटा रोग पण असतो, ओव्हन थांबतच नाही, तापतच सुटतो. एकतर कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा नळीतून द्रव गळून गेलाय, आणि द्रवच नाही म्हटल्यावर पडद्याला ढकलणार कोण. त्यामुळे नवीन थर्मोस्टॅट बसवताना ती नळी काटकोनात मोडू नका, गोलाकार वळवा.

थर्मोस्टॅट असा बेफाम झाला तर वाचवायला कटआउट असतो, मागच्या बाजूला नाण्याएवढी गोल चकती, दोन वायरी जोडलेली. काहींना मधे छोटं बटण असतं, टिक आवाज येईपर्यंत दाबलं की परत चालू, काही एकदाच जातात आणि बदलावे लागतात. पण कटआउट गेला तर तो का गेला ते शोधा. थर्मोस्टॅट चिकटला असेल, कूलिंग फॅन बंद पडला असेल, ओव्हनमागे हवा खेळायला जागाच ठेवली नसेल. ज्या ओव्हनला सेल्फ-क्लीन, म्हणजे आतली घाण तापवून जाळायची सोय, आहे त्यांच्यात तर कधीकधी ते चालवल्यावरच कटआउट जातो, कारण त्यात तापमान ४५० डिग्रीच्या पुढे नेतात. आणि कृपा करून कटआउटच्या दोन वायरी एकत्र पिळून ओव्हन चालू करू नका. हा जुगाड मी कितीतरी ओव्हनमधे बघितलाय, आणि दरवेळी तो ज्याने केला त्याला सांगावंसं वाटतं की बाबा हा पार्ट आग लागू नये म्हणून आहे.

डिजिटल ओव्हनमधे थर्मोस्टॅटऐवजी सेन्सर असतो. बऱ्याच ठिकाणी पीटी १००० नावाचा, तो शून्य डिग्रीला बरोबर १००० ओहम दाखवतो आणि दर डिग्रीला जवळपास ३.८५ ओहम वाढतो, म्हणजे २५ डिग्रीच्या खोलीत १०९७ च्या आसपास. काही ओव्हनमधे वेगळ्या जातीचे सेन्सर असतात, तेव्हा आपल्या मॉडेलच्या माहितीपत्रकातला आकडा बघूनच निकाल द्या.

तापतो, पण चुकीचा

वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं, ही तक्रार असेल तर आधी एक ओव्हन थर्मामीटर घ्या. मधल्या जाळीवर ठेवा, १८० ला लावा, अर्धा तास जाऊ द्या, मग काचेतूनच दर पाचेक मिनिटांनी आकडा बघा, दार उघडायचं नाही. एकच आकडा बघून रडू नका, ओव्हन १६५ ते १९५ च्या मधे झोके घेणारच, सरासरी बघायची. सरासरीच २०-३० डिग्री हुकत असेल तर डिजिटल ओव्हनच्या सेटिंगमधे बहुतेक वेळा ती सुधारायची सोय असते. नॉबवाल्याला सरळ नॉबशेजारी मार्करने खूण करा आणि विषय संपवा, काही थर्मोस्टॅटच्या दांड्याच्या आत बारीक स्क्रू असतो खरा, पण तो पाव वळसा फिरला तरी बराच फरक पडतो, माझा तरी सल्ला हात लावू नका असाच.

सरासरी बरोबर आहे तरी नीट होत नसेल तर दाराकडे बघा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडली पाहिजे. चारी बाजूंनी असं करत गेलं की एखाद्या कोपऱ्यात ती अलगद निघून येते, तिथून वाफ आणि उष्णता बाहेर जातेय. गास्केट, म्हणजे दाराभोवतीची ती मऊ पट्टी, बहुतेक ओव्हनमधे कोपऱ्यांतल्या छोट्या हुकांवर अडकवलेलं असतं, ओढलं की निघतं, नवीन बसवताना आधी चारी कोपरे मग बाजू. आधी ते नुसतं साबणाच्या पाण्याने पुसून बघा, कधीकधी तेलकट थर साचूनच दार पूर्ण लागत नाही. बिल्ट-इनचं दार काढायचं झालं तर बिजागरीची लॉक आधी लावा, त्यातली स्प्रिंग सुटली तर बोट सोडत नाही.

आणि तळाला फॉइल अंथरायची सवय असेल तर सोडा. उष्णता उलटी फिरते, तापमान चुकतं, आणि एनॅमलला चिकटलं की निघता निघत नाही.

एमसीबी पडते, आरसीसीबी पडते

एमसीबी पडली तर बहुधा शॉर्ट, कुठली तरी वायर वितळून पत्र्याला किंवा दुसऱ्या वायरीला लागलीय. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पडणारा स्विच, पडली तर करंट अर्थमधे गळतोय, घरातली साधारण ३० मिलिअँपिअरला पडते. ओव्हन बरेच महिने बंद होता आणि दमट हवा होती असं असेल तर त्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पावडरीने टोकातून ओल ओढलेली असते. रॉडच्या दोन्ही वायरी काढा, मीटर सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर ठेवा, एक टोक रॉडच्या पट्टीला, एक नळीला. काहीही दाखवायला नको. दाखवलं तर रॉड काढून दोनेक दिवस कडक उन्हात टाका आणि परत मोजा. तरी दाखवत असेल तर बदला. मीटरने काही दाखवलं नाही म्हणून रॉड निर्दोष असंही नाही, साधा मीटर फार कमी व्होल्टने मोजतो, खरी गळती मेगर नावाच्या मीटरने ५०० व्होल्ट देऊन कळते, तेव्हा संशय राहिला तर मेगर असलेल्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. अर्थची वायर काढली की ट्रिप होत नाही हा शोध लावणारे महाभाग असतात, त्यांच्या ओव्हनला हात लावू नका.

बाकी किरकोळ. बल्ब गेला तर ३०० डिग्रीचा ओव्हनचाच आणायचा, साधा एलईडी टिकत नाही, आणि हॅलोजन असेल तर बोटाचा तेलकटपणा काचेला लागू द्यायचा नाही, कापडाने धरा. कन्व्हेक्शन फॅन, म्हणजे आतली गरम हवा फिरवणारा, खरखरत असेल तर पातं पत्र्याला घासतंय का बघा. त्या पात्याचा नट बऱ्याचदा उलट्या आट्याचा असतो, नेहमीसारखं फिरवून जोर लावलात तर आणखी घट्ट बसेल. ओव्हन बंद केल्यावर थोडा वेळ कूलिंग फॅन चालू राहतो तो बिघाड नाही.

गॅसचा ओव्हन असेल तर

नॉब धरून ठेवावा लागणाऱ्या ओव्हनमधे आच पेटते पण हात सोडला की विझते, तर बहुतेक थर्मोकपल. ज्योतीत बसलेली ती दांडी जेमतेम २०-३० मिलिव्होल्ट तयार करते आणि त्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. काजळी चढली की तेवढेही होत नाहीत. गार असताना टोक पॉलिश पेपरने हलकंच घासा, ज्योत त्यावर नीट लागतेय का बघा, आणि पुढच्या वेळी नॉब १०-१५ सेकंद दाबून धरा. ज्यांच्यात लालभडक होणारा इग्नायटर आहे तिथे फसगत होते, तो लाल होतो म्हणून लोकांना वाटतं चांगला आहे. पण म्हातारा झालेला इग्नायटर पुरेसा करंट ओढत नाही, व्हॉल्व्ह उघडायला वेळ लागतो किंवा उघडतच नाही. दीडेक मिनिट लाल राहूनही आच लागत नसेल तर इग्नायटर बदलायचा. बस, गॅसमधे इथपर्यंतच. पाइप, जेट, व्हॉल्व्ह हे गॅसवाल्या माणसाचं काम. वास आला तर गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि कुठलाही स्विच चालू नाही बंदही नाही.

सगळं जोडून झालं की फोटोशी ताडून बघा, अर्थची वायर पत्र्याला परत लावली ना ते खास बघा, मग प्लग लावून रिकामा ओव्हन पूर्ण तापमानाला अर्धा तास चालवा. नवीन रॉडवरचं तेल जळून धूर आणि वास येईल, घाबरू नका, खिडकी उघडी ठेवा. मग आठवड्याभराने प्लग काढून, गार झाल्यावर, कव्हर परत एकदा उघडा आणि नवीन लगचा रंग बघा. अजून चंदेरी असेल तर कव्हरचे सगळे स्क्रू आता घट्ट आवळा.